तिसऱ्या मजल्यावरची वर्ना

ओहायोतल्या त्या कॉलेजात वर्ना एकोणीस वर्षं झाडलोट करत होती. पार्मेली हॉल, मुलींचं वसतिगृह, तिसरा मजला. कामावरच्या बाईच्या लेकराला फी माफ, एवढ्या एका नियमापायी तिनं गुडघे झिजवले होते.

दर मे महिन्यात पोरी घरी गेल्या की मागं ढीग उरायचा. धड चालणारे दिवे, कोऱ्या उशा, पलंगाखाली सरकवायच्या पेट्या. कचऱ्याची गाडी यायच्या आधी वर्ना त्यातलं निवडून घरी न्यायची. चादरी तर हटकून. वसतिगृहाचा पलंग घरच्यापेक्षा पाच-सहा बोटं लांब, घरची चादर पायाशी निसटते. नव्या आयांना हे तिथं गेल्यावर कळतं. वर्नाला आधीपासून ठाऊक.

यंदा तिच्या कोरीनला प्रवेश मिळाला. खोलीसुद्धा तिसऱ्याच मजल्यावर. ते वर्नानं मुकादम लॉइडच्या मागं लागून जमवलं होतं. रोज सकाळी लेक नजरेला पडावी, बाकी तिला काही नको होतं.

सामान बांधताना कोरीन म्हणाली, "आई, यातलं कुणी काही ओळखलं म्हंजे?"

"ज्यांचं होतं त्या पदव्या घेऊन गेल्या. चादरीला काय तोंड असतंय बोलायला?"

कोरीन हसली. मग वर्नानं सहज सांगितलं, की सकाळी सहाला दार वाजवून कॉफी देत जाईन. कोरीन घडी घालतच राहिली. "खोलीत दुसरी मुलगी पण असणार ना," एवढंच म्हणाली. बरं, बाहेरूनच देईन, असं वर्ना म्हणाली.

पोरी राहायला येतात त्या दिवशी सफाईवाल्यांना सुट्टी नसते. कोरीन सामानासह मामाच्या गाडीतून आली. वर्ना कामाचा निळा डगला घालून खोलीत डोकावली. जोडीदारणीची आई खोकी रिकामी करत होती. तिनं एक खोकं वर्नापुढं धरलं. "हे जरा टाकाल का? मजला अगदी लख्ख ठेवलाय हं तुम्ही."

कोरीन वळून चादरीचा कोपरा ओढायला लागली. तिच्या मानेवर लाली चढलेली वर्नाला दिसली. वर्नानं खोकं घेतलं.

दुपारीच ती लॉइडकडं गेली. दुसरीकडं टाक, गुडघे दुखतात म्हणाली.

"एकोणीस वर्षं जिने चढलीस, अन् आजच दुखले?"

"आजच."

लॉइडनं तिला टेकडीखालच्या प्रयोगशाळांकडं धाडलं.

तिसऱ्या रविवारी कोरीनचा फोन आला. "आई, तू दिसत नाहीस गं हल्ली."

"खाली लॅबकडं टाकलंय मला."

मग आपण भेटायचं कधी, असं लेक म्हणेल म्हणून वर्ना फोन कानाशी दाबून उभी राहिली.

"बरं झालं की," कोरीन म्हणाली. कित्येक दिवसांत तिचा आवाज इतका मोकळा नव्हता. "तुला जिने तरी नाहीत तिथं."

"व्हय," वर्ना म्हणाली. "तीनच पायऱ्या हायत."