पाच जणांच्या चार अमेरिका

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ठिबकणाऱ्या नळाखाली बादली राहून जावी आणि सकाळी भरलेली दिसावी, तसे ते साठतात. आमच्या कट्ट्याचं तसंच झालं.

कट्टा माजिवड्याच्या आमच्या सोसायटीतला, जिमच्या बाहेरचा. जिममध्ये कोणी जात नाही. बाहेर आम्ही पाच जण रोज बसतो. पाचही जणांची मुलं अमेरिकेत. फ्लॅट त्यांनी घेतले, राहतो आम्ही. मी चेंदणीचा कोळी. चौथी शिकलो. वडिलांबरोबर खाडीत होडी घातली, खाडीतली मासळी संपली तेव्हा कारखान्यात लागलो. बाकीचे चौघे शिकलेले. पण अमेरिकेला घाबरण्यात पाचही जण सारखे.

पूर्वी मला वाटायचं, अमेरिका म्हणजे एकच देश. इथे बसून कळलं, ज्याच्या त्याच्या पोराची अमेरिका निराळी. खाणं निराळं, बोलणं निराळं, करमणूक निराळी. भीतीसुद्धा निराळी!

माझा महेश मिनेसोटात. एकटाच राहतो. दर रविवारी फोन करतो. कसा आहेस विचारलं की म्हणतो, "वाईट नाही, बाबा." मी फोन ठेवून निवांत जेवायला बसायचो. एक दिवस ते जेवण गेलं. कसं, ते सांगतो. आधी बाकीच्यांचं ऐका.

*

देशमुखांचा मुलगा ओक्लाहोमात. तिकडे वावटळी येतात. साध्या नाहीत, घर उचलून नेणाऱ्या.

देशमुख पहिल्यांदा गेले तेव्हा शनिवारी दुपारी गावात भोंगा झाला. मुलगा बाजारात गेलेला. सुनेने आधीच शिकवून ठेवलेलं होतं, भोंगा झाला की बाथटबमध्ये बसायचं आणि अंगावर गादी घ्यायची. देशमुख आणि वहिनी टबात बसले, गादी घेतली, देवाचं नाव घेत राहिले. मुलगा आला. गादी उचलली.

"आई, टेस्टिंग आहे! दर शनिवारी भोंगा वाजवून बघतात."

पुढे एका मंगळवारी भोंगा झाला. देशमुख म्हणाले, टेस्टिंग असेल. खिडकीतून बघतात तर अख्खी गल्ली बाहेर. खुर्च्या टाकलेल्या, हातात बिअर, मोबाइल वर धरलेले. देशमुखांना वाटलं, मिरवणूक आहे. तेही गेले. शेजारच्या म्हाताऱ्याने आकाशाकडे बोट दाखवलं. लांब शेतावर काळी सोंड खाली उतरत होती. देशमुख घराकडे वळले. म्हातारा उठला, स्वतःची खुर्ची पुढे केली.

"बसा ना! इथून छान दिसतं!"

वहिनी तेव्हा टबातच होत्या. नंतर त्यांनी त्या टबात कधी आंघोळ केली नाही. म्हणतात, "ती जागा जीव वाचवायची आहे, साबण लावायची नाही!"

*

जोशी मूळचे डोंबिवलीचे. बँकेत होते. कांदासुद्धा विचार करून खातात. लेक न्यूजर्सीत.

तिकडे लोक ओरडून बोलतात. दुधाचा भाव विचारला तरी भांडण वाटतं. एकदा जोशी घरात एकटे असताना शेजारच्या अंगणात दोन माणसांची जुंपली. छातीला छाती लावून उभे. एकाच्या हातात चिमटा, मागे निखारे. जोशींनी दाराला कडी घातली, कडीला टेबल लावलं, टेबलाला पाठ लावली आणि मुलीला ऑफिसात फोन केला.

"मुक्ता, इथे खून होतोय!"

"फोन खिडकीशी धरा."

जोशींनी धरला. मुक्ता ऐकत राहिली, मग हसायला लागली.

"बाबा, ते नाश्त्याचं बोलतायत."

झालं होतं असं, की तिकडे सकाळी पावात डुकराच्या मांसाची भाजलेली चकती घालून खातात. त्या चकतीला राज्याच्या वरच्या भागात एक नाव, खालच्या भागात दुसरं. खालच्या भागातला जावई वरच्या भागात सासरी आलेला, आणि त्याने सासऱ्याच्या तोंडावर आपलं नाव घेतलं! दहा मिनिटांनी दोघं शेजारी बसून तीच चकती खात होते.

"एका चकतीच्या नावावरून!" जोशी अजून सांगताना घाम पुसतात.

परब त्यांना म्हणाले, "आणि परवा आमटीत गूळ की साखर, ह्यावरून तुम्ही देशमुखांची गचांडी धरायची बाकी ठेवलेली, ते काय होतं?"

"ते तत्त्व होतं!"

*

परब मालवणकडचे. आधी दिव्याला राहायचे, पाण्याच्या टँकरमागे बादल्या घेऊन पळालेले. त्यामुळे कशालाच घाबरत नाहीत. घाबरतात वहिनी. मुलगा लुइझियानात.

ते राज्य परबांना एकदम पसंत. टेबलावर वर्तमानपत्रं पसरतात आणि लाल तिखट घालून उकडलेली कोळंबीसारखी मासळी वरून पातेलंभर ओततात. ताट नाही, चमचा नाही. सगळे उभे राहून डोकी चोखतात. "आपलीच माणसं ती!" परब म्हणतात.

मासळीनंतर केक आला. जांभळा, हिरवा, पिवळा. वहिनींनी तुकडा तोंडात घातला. दाताखाली काहीतरी कडक. बाहेर काढलं. बोटाएवढं बाळ! हात, पाय, डोळे, सगळं.

"मेल्यांनो, केकात पोर!" वहिनी किंचाळल्या.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने मिठी मारली. बाळ प्लॅस्टिकचं होतं. तिकडची रीतच आहे. बाळ ज्याच्या वाट्याला येईल, त्याने पुढच्या वर्षीचा केक आणायचा.

"पुढच्या वर्षी मी असेन की नसेन, हे ह्या लोकांना काय ठाऊक?" वहिनी म्हणाल्या.

ते बाळ आता त्यांच्या देव्हाऱ्यात आहे. फेकायची भीती वाटते म्हणून. बाळ आपल्याकडे आहे तोवर केक आपणच द्यायचा, असं वहिनींनी धरलंय. गुडघे दुखोत, दम लागो, वहिनी दर वर्षी केक द्यायला लुइझियानाला जातात. डॉक्टर विचारतात, तब्येत कशी सुधारली? परब म्हणतात, "बाळाने धरून ठेवलंय!"

*

आता राणेबाई. कल्याणला शाळेत शिकवायच्या. लेक महेशच्याच मिनेसोटात, पण दुसऱ्या गावात.

बाई लेकीकडे असताना वादळ झालं. सकाळी बघतात तर शेजारणीच्या घरावर झाड. छप्पर फोडून फांद्या थेट स्वयंपाकघरात. बाई धावत गेल्या. म्हातारी शेजारीण हातात कॉफीचा कप घेऊन फांद्यांत उभी.

बाईंनी विचारलं, कसं आहे?

"वाईट नाही," म्हातारी म्हणाली. "ह्या खोलीत उजेड कमीच होता."

कट्ट्यावर सगळे हसले.

बाईंनी तिला चहा विचारला. ती नको म्हणाली. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा नको. बाई परत आल्या. लेक चिडली. "आई, असं काय केलंस? इथे तीनदा विचारायचं असतं! दोनदा नको म्हणतात, तिसऱ्यांदा घेतात. बिचारी चहाची वाट बघत असेल!"

सगळे पुन्हा हसले. मी नाही हसलो.

मी विचारलं, "बाई, तिकडे सगळेच असं बोलतात? वाईट नाही म्हणून?"

"सगळे. हात मोडला तरी म्हणतील, जरासं लागलं. वाईट आहे असं तोंडातून निघत नाही कोणाच्या." मग माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "महेशला किती वर्षं झाली हो तिकडे?"

मी उठलो आणि घरी गेलो. त्या दिवसापासून माझं रविवारचं जेवण गेलं.

*

पुढच्या रविवारी फोन आला.

"काय करतोस?"

"काल मासे धरायला गेलेलो. तळ्यावर."

"हिवाळ्यात?"

"तळं गोठतं ना, बाबा. गाडी बर्फावरून आत न्यायची, भोक पाडायचं, गळ सोडायचा. इकडे सगळे जातात."

"गाडी? पाण्यावर?"

"बर्फावर. काही होत नाही. जरा पाय ओले झाले, बस."

"कसा आहेस?"

"वाईट नाही."

फोन स्पीकरवर होता. बायकोने ऐकलं. त्याच्या आवाजात काहीतरी बिनसलंय, हे तिने माझ्याआधी ओळखलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला हलता येत नव्हतं.

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"एकटा? मी?"

"पोर पाण्यावर जातंय. आपण त्या पाण्याला कधी नारळ दिला? जा, आणि देऊन या."

विमानात मी खुर्चीचे दोन्ही हात शेवटपर्यंत सोडले नाहीत. त्याबद्दल एवढंच.

*

महेश विमानतळावर आला. गालफडं बसलेली. बरोबर शेजारी, कार्ल नावाचा. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. मला बरा वाटला. गाडी त्याची होती.

"कसा आहेस?" मी महेशला विचारलं.

"वाईट नाही, बाबा."

"तुझी गाडी कुठे?"

"तळ्यात आहे."

"तळ्याकाठी?"

"नाही बाबा. तळ्यात."

मी विचारलं, "आणि तू?"

"मी दार उघडून उडी मारली. कमरेपर्यंत गेलो. कार्लने दोर टाकला. ओढा मिळतो तिथे बर्फ पातळ होता."

ओढा मिळतो तिथे पाणी हलतं. कोळ्याचं पोर, आणि हे कळू नये!

कार्लच्या घरी जेवलो. खिमा, वर बटाट्याच्या गोळ्या, ओव्हनमध्ये भाजलेलं. मिरची नाही, लसूण नाही. शेवटची वडी ट्रेमध्ये राहिली. तिकडे शेवटचं कोणी घेत नाही. कार्लने अर्धी कापून घेतली. त्याच्या बायकोने उरलेल्यातली अर्धी घेतली. महेशनेही तेच केलं, त्यांच्यातलाच असल्यासारखं. शेवटी मुंगीला पुरेल एवढा तुकडा राहिला. तो मी खाल्ला. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

*

नारळ इंडियन दुकानात मिळाला. सकाळी कार्लच्या गाडीतून तळ्यावर निघालो. महेश आमच्या दोघांच्या मध्ये.

बर्फावर चाक चढलं तसं कार्लने पट्टे काढायला लावले आणि काचा खाली केल्या. थंडी सुरीसारखी आत आली.

"काचा कशाला?" मी विचारलं.

महेश म्हणाला, "गाडी खाली गेली तर बाहेर पडायला."

जन्म पाण्यावर गेला माझा. पण आमच्याकडे पाणी पाण्यासारखं दिसतं. इथे वर पांढरं मैदान आणि पाणी खाली लपलेलं. मधूनच खालून तोफ उडाल्यासारखा आवाज यायचा. कार्ल म्हणाला, चांगलं लक्षण आहे, बर्फ वाढतोय. मी महेशचं मनगट धरलं होतं. त्याचीही नाडी उडत होती.

"कसा आहेस?"

"वाईट नाही, बाबा."

कार्लने गिरमिटाने बर्फाला भोक पाडलं. काळं पाणी वर आलं. मी टोपी काढली, हळद-कुंकू लावलं, हात जोडले. हा माझा मुलगा, ह्याला सांभाळ, एवढंच म्हणालो. नारळ सोडला.

खाडीत नारळ वाहत जातो. इथे ओढ नाही. नारळ तिथल्या तिथे डुचमळत राहिला. मी हाताने खाली दाबला. सुटला, आणि टुपकन वर आला!

पाण्याने नारळ घेतला नव्हता. पुन्हा दाबला. पुन्हा वर! महेशचा चेहरा बर्फासारखा. खालून परत तो आवाज आला, ह्या वेळी पायाखालून.

कार्लने महेशला विचारलं, तुझे वडील काय करतायत? महेशने सांगितलं, पाण्याला देतायत, पाणी घेत नाही. कार्लने भोकात बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"त्यांना सांग," तो म्हणाला, "आमच्याकडे तीनदा द्यावं लागतं."

मी बाही वर केली. हात कोपरापर्यंत त्या पाण्यात घातला, नारळ बर्फाखाली आडवा सरकवला आणि सोडला. भोक काळं राहिलं. आम्ही तिघं बघत उभे राहिलो. तो आला नाही.

परत निघालो. काचा खालीच. तळ्याच्या मध्यावर आलो तेव्हा मी महेशला विचारलं, "कसा आहेस?"

महेश रडायला लागला. लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून.

कार्ल बिचारा अवघडला. चालवता चालवता त्याने तोंड पलीकडच्या खिडकीकडे फिरवलं आणि तसंच ठेवलं.

"अरे बाबा, पुढे बघ!" मी मराठीतच ओरडलो.

त्याला बरोबर कळलं.