सदस्य जागेवर आहेत

आमच्या इमारतीतल्या माजी आमदारांनी उभ्या आयुष्यात एकही साधं विधान केलं नसेल, असं मी पैजेवर सांगायचो. माणसं श्वास घेतात तसे ते प्रश्न विचारत. सीमाभागातून ते एकदाच निवडून आले, एकदाच पाच वर्षं बेंगळुरूच्या विधानसौधात, म्हणजे कर्नाटकच्या विधानसभेत बसले आणि त्या पाच वर्षांत गृहखातं सोडून दुसऱ्या कुठल्याही खात्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. चोऱ्या, दरोडे, रात्रीची गस्त, पोलीस चौकीचं गळकं छप्पर, बेपत्ता माणसं. पुढे निवडणूक हरले, बेंगळुरूतच मुलाच्या एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटमध्ये राहायला आले, पण प्रश्न काही सुटले नाहीत. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते बायकोला विचारत, "(अ) चहा झालेला आहे, हे खरे आहे काय? (आ) असल्यास, तो अद्याप बाहेर न येण्याची कारणे काय?" त्यांच्या बायकोला सगळी इमारत अक्का म्हणायची. अक्का मान वर न करता उत्तर देत, "माहिती गोळा करण्यात येत आहे." आणि दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करत.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या दुर्दैवाने. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला माणूस, सोसायटीच्या ज्या सभेला गैरहजर राहिलो त्याच सभेत एकमताने सचिव झालो. वॉचमन, कॅमेरे, भटकी कुत्री असं सगळं माझ्याकडे आलं आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आमदारांनी मला "नमस्कार, गृहमंत्री" म्हणून हात जोडले. तिथून माझे दिवस फिरले. तिसऱ्या मजल्यावरून कुणाच्या तरी चपला गेल्या, तर सभेत ते उठून उभे राहिले. आमच्या अध्यक्ष म्हणजे एका स्टार्टअपमध्ये काम करणारी जीन्समधली मुलगी. तिला "मान्य सभाध्यक्षरे" अशी कानडी साद घालून त्यांनी विचारलं, की सदर चपला घटनेच्या वेळी वॉचमनच्या दृष्टीच्या टप्प्यात होत्या काय, आणि असल्यास वॉचमनची दृष्टी त्या वेळी कोठे होती. मी उत्तर दिलं की लगेच "पुरवणी प्रश्न". पुरवण्या संपेपर्यंत सभेसाठी आणलेले समोसे गार होत. बेळ्ळंदूरच्या वाहतुकीत अडकल्यावर ते रिक्षावाल्याला विचारत, की सिग्नल सुटल्याचे त्याच्या निदर्शनास आले आहे काय. तो बिचारा "स्वल्प इरी, सर", जरा थांबा, एवढंच म्हणे. चिकपेटच्या साडीच्या दुकानात तर त्यांनी रंग जाण्याबद्दल इतक्या खोलात जाऊन चौकशी केली, की मालकाने त्यांना साध्या वेशातला पोलीस समजून खुर्ची आणि मोसंबीचा रस दिला.

दुसरी खोड म्हणजे वेळ. सभा अकराची असली तर हे दहालाच पहिल्या रांगेत हजर. त्या तासात पाणी पीत नसत, कारण मग उठावं लागतं. फोन आला तरी जागा सोडत नसत. एकदा गच्चीवर फिरताना मी थट्टेने म्हणालो, "आमदारसाहेब, तुमची खुर्ची कोण पळवून नेतंय?" ते हसले नाहीत. कठड्याला टेकून त्यांनी मला बाळूची गोष्ट सांगितली.

बाळू मारुती हा त्यांच्या गावचा नामी गवंडी. कामाला म्हणून शहरात गेला तो परतलाच नाही. त्याची आई गंगव्वा आमदारांच्या ओसरीवर येऊन बसायची. तिचं मागणं फार नव्हतं. एवढं मोठं सरकार आहे, तर सरकारने एकदा तरी माझ्या लेकाचं नाव घ्यावं, म्हणजे तो हरवलाय हे सगळ्यांना कळेल, असं तिचं म्हणणं. आमदारांनी प्रश्न टाकला. नशिबाने तो तोंडी उत्तराच्या यादीत वर आला. लेखी उत्तर छापून आलं, त्यात 'सदर इसमाचा तपास चालू आहे' इतकंच होतं. नाव नव्हतं. मग पुरवणी प्रश्नात मंत्र्यांच्या तोंडून नाव वदवून घ्यायचं त्यांनी ठरवलं आणि ते ऐकायला गंगव्वाला गावाहून आणलं. पण तिच्याजवळ भाकरीचं गाठोडं होतं. गाठोडं घेऊन गॅलरीत जाता येत नाही आणि बाई ते परक्याच्या हाती देईना, कारण त्यात बाळूचा सदराही होता. आमदार खाली धावले, गाठोडं आपल्या ताब्यात घेतलं, तिला वर पाठवलं आणि परत येईपर्यंत त्यांचा क्रमांक पुकारून झाला होता. सदस्य जागेवर नसले की त्यांचा प्रश्न वगळून पुढचा घेतात. मंत्री तेव्हा दुसऱ्याच गावच्या चोरीवर कानडीत बोलत होते. वर गॅलरीत गंगव्वा मंत्र्यांना हात जोडून उभी होती.

"बाहेर आल्यावर तिनं विचारलं, नाव घेतलं न्हवं?" आमदार म्हणाले. "मी म्हटलं, घेतलं. आयुष्यात एकच विधान केलं, सचिव, ते पण खोटं. तेव्हापासून आपलं प्रश्नच बरे."

त्या संध्याकाळपासून त्यांच्या पुरवण्यांना मी कधी वैतागलो नाही.

गेल्या वर्षी गंगव्वा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बेंगळुरूला आली आणि त्यांच्याकडेच उतरली. त्याच आठवड्यात आमची सभा होती. अक्का तिला घेऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. तिच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. पार्किंगचं भांडण उरकल्यावर आमदार उठले. सभेत नेहमी कानडी-इंग्रजीत बोलणारा माणूस त्या दिवशी मराठीत बोलला.

"गृहमंत्री पुढील गोष्टीचा खुलासा करतील काय? आमच्या गावचा एक तरुण घरी परतलेला नाही, हे खरे आहे काय? असल्यास, त्याचे नाव काय?"

सभेत कुणालाच काही कळलं नाही. मी उभा राहिलो. म्हणालो, "हे खरे आहे. त्याचे नाव बाळू मारुती. गंगव्वाचा मुलगा. गवंडीकामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्याची वाट पाहिली जात आहे." अध्यक्ष मुलीला मराठी येत नव्हतं, तरी तिने नाव पुन्हा विचारून इतिवृत्तात लिहून घेतलं.

सभा संपल्यावर गंगव्वा काठी टेकत पुढे आली. "आण्णा, त्या दिशी न्हवतं आलं नाव," ती म्हणाली. "मला ठावं हुतं."

आमदार खाली बसले. "तुला कानडी कुठं कळतंय?"

"नाव काय कानडीत येगळं असतंय व्हय? पर तुमी माझं गठुडं घिऊन घामाघूम उभं हुता. तुमास्नी काय म्हणू?"

आमदारांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुन्हा घातला नाही.

यंदा आमदार आणि अक्का गावी राहायला गेले. बाळूचा तपास अजून चालूच आहे. रोज संध्याकाळी दोघं गंगव्वाच्या अंगणात जाऊन बसतात. इथे सभा वेळेवर संपतात, समोसे गरम असतात आणि मला ते गोड लागत नाहीत. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची कुणी उचलू लागलं तर मी 'राहू द्या' म्हणतो.

परवा त्यांचा फोन आला. म्हणाले, "तुमची आठवण येते." इतकंच. मी पुरवणीची वाट पाहिली, ती आली नाही. शेवटी मीच विचारलं, "आठवण येते हे खरे असल्यास, आपण बेंगळुरूला केव्हा येणार?"

त्यांनी माझा प्रश्न तसाच आत पुकारला. मग मागून, भांड्यांच्या आवाजातून, अक्कांचं उत्तर आलं, "माहिती गोळा करण्यात येत आहे."