आसनावरची हळद

ओल्या हळदीचा वास आला की मला शेजारच्या फळव्यापाऱ्याची सुपरकार आठवते. थोरल्या लेकीच्या लग्नादिवशी आमची भाड्याची गाडी बंद पडली. हळद उतरवायलाही वेळ नव्हता. वैजापूरचा मुहूर्त टळणार होता. शेजाऱ्याने गाडी विकायला काढली होती, संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होते. तरी तो म्हणाला, “चाचा, बसवा पोरीला. मागं पेटीलाबी जागा हाय.” मुहूर्त साधला, मात्र पांढऱ्या आसनावर हळद उमटली. संध्याकाळी तो डाग दाखवून गिऱ्हाइकाने भाव पाडला. शेजारी हसला, “नवरी बसली तिथं, साहेब. भाव तर वाढाया पायजे!” सौदा मोडला. आज धाकटीची हळद आहे. शेजारी फाटकापाशी तीच गाडी पुसतो आहे. मी जाऊन त्याच्यापुढे हात जोडले.