गवंड्याचं नाव

दाजीबानपेठेतल्या छापखान्यात आमचं इंग्रज सरकारविरुद्धचं पत्रक जुळवून तयार होतं. खाली माझं नाव होतं. खिळे जुळवणारे बसण्णा म्हणाले, "ब्याड तम्मा, नको रे भावा, नाव नको. उद्याच पोलीस दारात येतील." मी त्या थंड शिशाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि एकदम पट्टदकल्लूच्या देवळाचा तापलेला तांबडा दगड आठवला.

मी तेव्हा शाळकरी. अप्पा धारवाडच्या कचेरीत कारकून, जन्मभर "होय साहेब" एवढंच बोललेले. त्यांच्या गोऱ्या साहेबाला ती देवळं दाखवायला आम्ही गेलो होतो. नदीकाठी एकमेकांना खेटून उभी असलेली ती देवळं, आत दिव्याच्या तेलाचा आणि वटवाघळांचा उग्र वास. शिखराकडे बघत साहेब म्हणाला, "हे बाहेरच्या कारागिरांचं काम असणार. तुम्हा लोकांना एवढं कुठलं जमायला?" आमच्याच देवळात उभं राहून हे बोलणं!

पुजाऱ्यानं नुकताच आम्हाला एक शिलालेख वाचून दाखवला होता. अप्पांनी त्यावर हात ठेवला. "नाही साहेब. इथं बांधणाऱ्या गवंड्याचं नाव कोरलंय. आमच्याच मुलखातला माणूस आहे हा."

साहेब टोपी चढवून चालता झाला. अप्पांची नोकरी गेली तर खायचं काय, एवढंच तेव्हा मला सुचलं. आज ऊर भरून येतो. राजांची नावं कोणीही घेतो. माझ्या भित्र्या बापानं एका गवंड्याच्या नावासाठी नोकरीवर पाणी सोडायची तयारी केली.

"नाव राहू दे, बसण्णा," मी म्हणालो. "आणि मोठ्या खिळ्यांत घ्या. अप्पांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."