बर्फाचे दोन भाव

चौदा लाद्या विरघळून गटाराला लागल्या होत्या, आणि आमचे मालक आबाजी भाव आणखी वाढवायला सांगत होते.

"दहा रुपये करा," ते म्हणाले. "चौदा लाद्यांचं नुकसान बाकीच्यांवर टाका."

मी यवतमाळच्या त्या बर्फ कारखान्याचा मॅनेजर. नागपूरहून बी.कॉम. होऊन आलेलो, नोकरीला चार महिने झालेले. नवे पैसे नुकते रुळले होते, तरी बाजारात लोक हिशेब आण्यातच करत. आबाजींचा मूळ धंदा शेतीचा. कापसाच्या पैशातून त्यांनी हा प्लँट उभा केला होता. आजूबाजूला दुसरा बर्फ कारखाना नव्हता. म्हणून मे महिना लागताच त्यांनी लादीचा भाव पाचाचा आठ केला.

"जातीन कुठी?" हा त्यांचा सिद्धांत. "बर्फ आपल्याकडंच हाय."

लोक कुठे गेले ते पाहायला मी बाजारात गेलो. शंकर हे आमचं मोठं गिऱ्हाईक. चौकात त्याची सरबताची गाडी. पूर्वी रोज दोन लाद्या न्यायचा, आता अर्धीच नेत होता. गाडीवर त्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेले चार माठ मांडले होते.

"काय साहेब, आठ रुपये!" तो म्हणाला. "एका आण्याच्या सरबतात मी बर्फ टाकू का सोनं? माठातलं पाणी देऊन राह्यलो. लोक पेतेत मुकाट्यानं."

मी परत येऊन आबाजींना सांगितलं, "आपल्याला स्पर्धक आहे."

"कोन?"

"कुंभार."

आबाजी हसले नाहीत. मग मी कॉलेजात शिकलेलं काढलं. म्हटलं, "याला इलॅस्टिसिटी म्हणतात. भाव वाढला की काही गिऱ्हाइकं लगेच माल कमी करतात, काही करत नाहीत."

"लास्टिक? चड्डीचं?"

"तेच समजा. शंकर लास्टिक आहे. भाव जरा ओढला की तो लांब जातो. लग्नवाले मात्र नाडी. वरपक्षाला थंड सरबत पाहिजे म्हणजे पाहिजे. आठ काय, दहा म्हणा, तरी नेतील."

आबाजींना नाडी पटली. त्यांच्या दोन मुलींची लग्नं होऊन गेली होती.

मग दुसरी गोष्ट समजावली. बर्फ करायचा तर मिठाच्या पाण्याची मोठी टाकी थंड ठेवावी लागते. त्यात गोड्या पाण्याचे डबे सोडायचे, की लाद्या बनतात. वीस डबे सोडा की चाळीस, कॉम्प्रेसर चालवावाच लागतो, कामगारांचा पगार द्यावाच लागतो. वरची एक लादी काढायला जास्तीचा खर्च येतो तो फक्त दीड रुपया. पुस्तकात त्याला मार्जिनल कॉस्ट म्हणतात.

"म्हणजे शंकरला लादी चार रुपयांत दिली तरी अडीच सुटतात," मी म्हणालो. "गटाराला दिली तर काहीच नाही."

आबाजींनी चघळलेला पानाचा देठ थुंकून टाकला. "करा मंग. सरबतवाल्याले चार, लग्नवाल्याले आठ. पन फसलं तर तुमी नागपूरची गाडी धरजा."

पहिला आठवडा छान गेला. शंकरने माठ उतरवले. टाकीतले चाळीसही डबे भरू लागले.

त्याच आठवड्यात एक दिवस दुपारी तांड्यावरचा एक बंजारा शेतकरी घामाघूम होऊन आला. "साहेब, याडीले ऊन लागलं," तो म्हणाला. "माय बेसुद हाय. डाक्टर म्हने डोक्यावर बर्फ ठेवा."

मी थबकलो. हा सरबतवाला नव्हता आणि लग्नवालाही नव्हता. याला कोणता भाव लावायचा? आबाजी खुर्चीवरून ओरडले, "कायले उभं ठेवलं त्याले? अर्धी लादी बांधून द्या!"

"रेट?"

"तुमच्या बुकात बिमार मानूस लास्टिक हाय का नाडी?"

"नाडीच. सगळ्यात घट्ट."

"मंग ते बूक मिटा."

त्या माणसाकडून पैसे घेतले नाहीत. तीन दिवसांनी तो भाजीची टोपली घेऊन आला. माय उठून बसली होती. मला बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

दुसऱ्या आठवड्यात एक चमत्कार झाला. लग्नाची दाट तिथी आणि लग्नाची ऑर्डर एकही नाही. शंकर मात्र रोज आठ लाद्या उचलत होता. मला वाटलं, काय खपतंय याचं सरबत!

त्याच दिवसांत आबाजींच्या भाचीचं लग्न होतं. मीही गेलो. मांडवात बर्फच बर्फ. पितळी घंगाळांत लाद्या तरंगत होत्या. आबाजी दोन पेले सरबत पिऊन खूश झाले आणि बहिणीच्या यजमानांना म्हणाले, "जवाईबापू, बर्फ मस्त! कुठून आनला?"

"शंकरकडून. तुमच्याकडं आठ, त्याच्याकडं सहा."

"पन मी मामा हाय ना पोरीचा! मले काहून नाही सांगितलं?"

"मामा फुकट पाठवतीन म्हणून परवापर्यंत वाट पाह्यली," जवाईबापू म्हणाले. "मंग शंकरले सांगितलं."

आबाजींनी तिसरा पेला घेतला नाही.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकाच मालाचे दोन भाव ठेवले, की स्वस्तात घेणारा महागात घेणाऱ्याला विकणार. कॉलेजात हेही शिकवलं होतं. त्या दिवशी बहुधा मी मागच्या बाकावर होतो.

सकाळी आबाजी माझी वाटच पाहत होते. "नागपूरची गाडी किती वाजता हाय?"

"एक दिवस द्या," मी म्हणालो.

त्या दिवसापासून चार रुपयांची लादी करवतीने चार तुकडे करूनच द्यायची, असा नियम केला. गाडीवरच्या गिऱ्हाइकाला तुकडा चालतो. पण लहान तुकडे लवकर विरघळतात, संध्याकाळच्या लग्नापर्यंत टिकत नाहीत. लग्नवाल्याला मात्र अख्खी लादी, भुशात आणि पोत्यात बांधून, घरपोच.

शंकर हार मानणारा नव्हता. त्याने लादीचे चारही तुकडे भुशात दाबून एकाच पोत्यात शिवले, आणि ते पोतं बसच्या टपावर टाकून बोरी अरबच्या एका लग्नाला निघाला. वाटेत बस पंक्चर झाली. टपावर भर उन्हात तीन तास. मांडवात पोतं उघडलं तर आत ओला भुसा.

वरपक्षाने विचारलं, "बर्फ कुठी हाय?"

"आत्ताच होता," शंकर म्हणाला.

हे त्यानेच मला सांगितलं, कानशिलाला चार रुपयांच्या लादीचा तुकडा लावून. तिथे त्याला काय मिळालं ते मी विचारलं नाही. पुन्हा तो लग्नाच्या वाटेला गेला नाही.

सीझन संपेपर्यंत एकही लादी वाया गेली नाही. आबाजींनी माझी नोकरी ठेवली, पगार मात्र तोच. "तुमी जासान कुठी?" ते म्हणाले. आसपास दुसरा बर्फ कारखाना नव्हता, त्यामुळे बर्फ कारखान्याच्या मॅनेजरला दुसरी नोकरीही नव्हती.

एकटा दुकानदार भाव हवा तो लावू शकतो. त्या भावाला लोक माल किती नेतील, हे मात्र लोकच ठरवतात.