गाडी बिघडवायचा बेत

कार्बोरेटर दुरुस्त कर असं सांगणारे शंभर भेटतील. माझ्या हातात आयुष्यातला पहिला कार्बोरेटर आला तो बिघडवण्यासाठी, आणि तेवढंही मला धड जमलं नाही.

तेव्हा चेन्नईत येऊन मला दीड वर्ष झालं होतं. नोकरी गाड्यांच्या कंपनीत. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते मी लॅपटॉपवरून ठरवते, असं कोल्हापुरात आईच्या मैत्रिणींना मी ऐटीत सांगायची. खोटं नव्हतं ते. फक्त हेच काम पूर्वी करणारा कार्बोरेटर आमच्या गाड्यांत नसतोच, हे मी सांगायची नाही. कार्बोरेटर मी कॉलेजात पाहिलेला, तोही काचेच्या कपाटात.

मैलापुरात ज्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहायची, ते तंजावरकडचं मराठी जोडपं. गल्ली त्यांना मामा-मामी म्हणायची, म्हणून मीही. त्यांचं मराठी म्हणजे बखर वाचता वाचता कुणीतरी मध्येच तमिळमध्ये हाक मारावी, तसं. मामा चौऱ्याहत्तरचे, त्यांची मोटारसायकल तिशीची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते ओसरीवर वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर उघडायचे आणि मामींची शिवणाची सुई घेऊन त्यातला जेट टोकरायचे. जेट म्हणजे पेट्रोल जिच्यातून जातं ती बारीक भोकाची पितळी नळी. असं तीस वर्षं चाललेलं. एवढी सेवा करूनही गाडी काळा धूर सोडायची, कावळ्यासारखी खोकायची आणि नेमकी भर चौकात मरायची. मामा ती ढकलत घरी आणायचे. उन्हाळ्यात एकदा ढकलता ढकलता त्यांना चक्कर आली, रस्त्यावरच बसले. झालं! बंगळुरूच्या मुलानं फोनवर फर्मान काढलं: गाडी विका. गिऱ्हाईकही त्यानंच शोधलं. रविवारी तीनला येणार.

शनिवारी दुपारी मामी आत झोपलेल्या. मामा माडीच्या पायरीवर येऊन बसले.

"तूं इंजिनेर ना, मा?"

"हो."

"मग गाडी बिघडवून दे."

मी हसायला लागले, पण ते हसत नव्हते. "ही गेली म्हणजे मी घरांतच बसणार," ते म्हणाले. "सकाळी समुद्राकडे जातों, मग कसा जाऊं? मुलगा म्हणतो ऑटो घ्या. समुद्र पाहावयास ऑटो?" आणि त्यांनी तोंड फिरवलं. मला कसंसंच झालं. आता प्लगची वायर काढून ठेवली असती तर एका मिनिटाचं काम होतं. पण मला ना, हुशारी दाखवायची भारी हौस!

"मामा, आपण तिला उपाशी ठेवू," मी म्हणाले. "जेट बदलायचा. लहान भोकाचा घालायचा. गिऱ्हाईक बसलं की गल्लीच्या तोंडाशीच गाडी मान टाकेल. नुकसान काही नाही. नंतर परत आपला जुना जेट."

मामा एवढे खूश झाले की स्वतःच पुदुपेटला जाऊन, सगळी जुन्या सुट्या भागांची दुकानं पालथी घालून, बारक्यात बारका जेट घेऊन आले. रात्री मामी झोपल्यावर आम्ही चोरासारखे ओसरीवर बसून तो बसवला. माझ्या हातून एक स्क्रू गटारात पडता पडता वाचला. मामांनी मला पाना उलटा धरलेला पाहिलं आणि सभ्यपणे नजर दुसरीकडे वळवली. चालू करून बघायची काही सोय नव्हती, कारण त्या गाडीचा आवाज मामींना झोपेतही कळतो.

रविवारी गिऱ्हाईक आलं. जुन्या गाड्यांचा शौक असलेला, कॉम्प्युटरवाला, गोड पोरगा. सोबत त्याच्या आईचा फोन: गाडी साडेचारच्या आत घरी आण, पुढे राहुकाळ लागतो. मामांनी त्याला किल्ली दिली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, शप्पथ!

एका किकमध्ये गाडी चालू झाली.

धूर नाही. खोकला नाही. पोरगा बसला, गल्लीच्या तोंडाशी गेला, आणि गाडीनं मान टाकायची तर तिनं अशी धूम ठोकली की कोपऱ्यावरच्या फुलवालीनं टोपली उचलली.  उभ्या उभ्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण काय उपयोग! तीस वर्षं सुईनं टोकरून मामांनी त्या जेटचं भोक मोठं केलेलं. गाडी बिचारी पेट्रोल पिऊन पिऊन गुदमरत होती. मी उपाशी ठेवायला म्हणून जो जेट घातला, तोच तिच्या खऱ्या मापाचा होता.

पोरगा परतला तो तोंडभर हसत. "सूपर, अंकल!" मामा माझ्याकडे बघतच नव्हते. मी लाजेनं मेले. कागदांवर सह्या झाल्या, पैसे गाडी नेताना द्यायचे ठरले. मग मामा हळूच म्हणाले, "एक फेरी मी मारून येऊं?" पोरगा लगेच हो म्हणाला. पावणेचार झाले होते.

चार वाजले. मामी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हे परत येणारच नाहीत, आणि खरं सांगायचं तर येऊ नयेतच असं मला मनापासून वाटत होतं. पण सव्वाचारला ते आले. शब्दाचे पक्के. ढकलत नाही, बसून आले. शर्ट कोरडा, केस वाऱ्यानं उभे, डोळ्यांत पाणी. ते वाऱ्याचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. उतरले आणि त्यांनी किल्ली पोराच्या हातावर ठेवली.

मामी त्यांच्याकडे नखशिखांत बघत राहिल्या. मग पोराला म्हणाल्या, "कॉफी घेतल्याशिवाय जाऊं नको रे बाळा, कण्णा." पोरगा घड्याळाकडे बघत ओशाळून बसला. मामींना नाही म्हणायची त्या गल्लीत कुणाची छाती नव्हती.

मी मदतीला आत गेले. कॉफीच्या फिल्टरच्या खालच्या भांड्यात दुपारचं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा काढा, काठोकाठ होतं. मामींनी ते माझ्या देखत मोरीत ओतलं. नवी पूड घातली, अंगठ्यानं गच्च दाबली, वर पाणी ओतलं आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. थेंब पडेना. फिल्टरला टिचकी मारली की डिकॉक्शन लवकर उतरतं, हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी हात पुढे केला तर फाटकन चापट बसली.

बाहेरून पोराच्या आईचा फोन वाजला. एकदा. परत एकदा. आत थेंब... थेंब...

चार तेहतीसला कॉफी बाहेर गेली. मामींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अय्यो! राहुकाळ लागला की!" पोरानं गडबडून विचारलं, उद्या येऊ का? मामींनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. उद्या अष्टमी. परवा नवमी, शिवाय मंगळवार; तिकडे सगळेच अशुभ. फोनवर त्याच्या आईला मामींच्या तिथ्या इतक्या पटल्या की मामी फोन घेऊन तिच्याशीच बोलत बसल्या. पोरानं किल्ली आणि कागद ओसरीवर ठेवले, नमस्कार केला आणि बसनं गेला.

मामांना अजून काही उमगलं नव्हतं. ते म्हणाले, "परवायिल्लै, असूं द्या. बुधवारीं त्यास देऊं."

"बुधवारीं मजला टी. नगरच्या बाजारास जायचें आहे," मामी म्हणाल्या. "ती आतां धूर सोडीत नाहीं, तर मला मागें बसावयास काय झालें? मुलास मी सांगतें."

 खांद्यावरचा टॉवेल काढून मामा गाडीची टाकी पुसायला लागले. टाकी चकचकीत होती.

"अहो, धुतलेला टॉवेल तो!" मामी ओरडल्या. मामा पुसतच राहिले.