कालवं आणि उंदरांची खोली

मला लिहिता येतं असं मी म्हणणार नाही. वडील होडीवर जाणारे, आई मासे विकणारी. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे असं काही लिहायला बसणं हे माझं धाडसच आहे. पण धाकट्या बहिणीबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मी कोल्हापूरला एम.एस्सी. करत होतो. आमचे सर उंदरांवर काम करायचे. एका आनुवंशिक रोगात शरीराला अन्नातलं तांबं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात साचत जातं. असा दोष घेऊनच जन्मलेले उंदीर परदेशात सापडल्याचं सरांनी वाचलं होतं. आमचे उंदीर साधेच. त्यांच्या पाण्यात आम्ही तांबं मिसळायचो, निम्म्यांना जस्ताचे क्षार द्यायचो आणि शेवटी कुणाच्या यकृतात किती तांबं राहिलं ते बघायचो. पिंजरे धुणं माझ्याकडे होतं.

बहिणीला दोनदा कावीळ होऊन गेली होती. हात थरथरायचा, अक्षर बिघडलं होतं. हे मी सरांना सहज बोलता बोलता सांगितलं, तर त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं आहे का, बघून ये. दिसलं तर थांबू नकोस. त्यावर गोळ्या आहेत."

गणपतीला मालवणला गेलो. पडवीत उजेडाकडे तोंड करून तिला बसवलं.

"दादा, इतको शिकान तू उंदीर पाळूक लागलंस? घराकडे काय कमी होते?" ती हसत होती.

कडं होतं.

आत आई तिच्यासाठी कालवांचं सार करत होती. आजारातून उठलेल्याला आमच्याकडे कालवं देतात. आईने खाडीतल्या खडकांवरचे शिंपले फोडून ती स्वतः आणली होती. कालवांत तांबं भरपूर असतं.

"आये, ह्या तिका वाढू नको."

"मगे काय वाढू? रक्त नाय पोरीच्या आंगात. दोन वर्सां ह्याच खावन तग धरून आसा ता."

यावर आईला खरं कारण सांगणं मला जमलं नाही. सरांनी मनाई केलीय, एवढंच म्हटलं. तिने भांडं उतरवलं.

वडिलांना म्हटलं, मुंबईला न्यायला हवं. ते म्हणाले, "आताच होड्यो पाण्यात घातल्यो. दसरो होवंदे, मगे जावया."

मी हट्ट धरायला हवा होता. पण वाटलं, माझंच चुकलं असेल तर? उंदरांचा निकाल महिन्याभरात येणार होता. जस्ताने गुण आला तर वडिलांना खात्रीने सांगता येईल, असा विचार करून मी एकटाच परत गेलो.

निकाल चांगला लागला. जस्त दिलेल्या उंदरांच्या यकृतात तांबं खूपच कमी होतं. त्याच दिवशी मी घरी पत्र टाकलं, की आता थांबू नका, मी मुंबईला येतो.

उत्तर आलं ते शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात, कारण वडिलांना लिहिता येत नसे. माझं पत्र पोचण्याआधीच तिची कावीळ उलटली होती. कुडाळला नेताना वाटेतच ती गेली. कार्ड लिहिलं त्या दिवशी तिचं बारावं झालं होतं. तुझी परीक्षा बुडू नये म्हणून तार केली नाही, असं वडिलांनी खाली लिहायला लावलं होतं.